कोणत्या हाताने

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली एक मंगळवारची सकाळ. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी आठवड्यातून एकदा वैद्यकीय सल्लागार म्हणून जात असे. स्टोअरला लागून प्लायवूडचे पार्टिशन घालून केलेली खोली, तिच्यात तपासणीचे टेबल, वजनकाटा, प्रथमोपचाराची पेटी, आणि भिंतीपलीकडून अखंड येणारा प्रेसचा ठोका. नवख्या माणसाच्या तो ठोका छातीत बसतो. पुढे पुढे तो थांबला की दचकायला होते. त्या दिवशी एक प्रेस ऑपरेटर फिटनेससाठी आला होता. वय चौतीस-पस्तीस, मूळचा बीडकडचा. अडीच महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट प्रेसच्या डायखाली, म्हणजे साच्याखाली, आले होते आणि दोन्ही बोटांचे वरचे एकेक पेर गेले होते. इएसआयच्या, म्हणजे राज्य विमा योजनेच्या, डॉक्टरांनी फायनल सर्टिफिकेट दिले होते. मी जखमेचा व्रण पाहिला, मूठ वळायला सांगितली, माझी दोन बोटे त्याच्या हातात देऊन दाबायला सांगितली. त्याने ती इतक्या जोराने दाबली की मलाच हात सोडवून घ्यावा लागला. मी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्याकडे सरकवला. तेवढ्यात चहावाला मुलगा आला. मी ऑपरेटरलाही चहा द्यायला लावला. त्याने काचेचा ग्लास डाव्या हाताने उचलला. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता.

तो डावखुरा नव्हता. फॉर्मवर सही त्याने माझ्यासमोर, अंगठा आणि करंगळीकडच्या बोटांत पेन कसेबसे धरून, उजव्या हातानेच केली होती.

मी कागद परत मागितला नाही.

या न मागण्याला सबबी पुष्कळ होत्या. बाहेर आणखी चार माणसे थांबली होती. इएसआयच्या डॉक्टरांनी आधीच फिट म्हटले होते. आणि तो स्वतःच कामावर यायला उतावीळ होता. पण घरी परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबले, तेव्हा मला त्याचा हात नव्हे तर जबडा आठवला. माझी बोटे दाबताना तो आवळला होता. दुखणे तपासणाऱ्या डॉक्टरसमोर माणूस एरवी दुखणे थोडे वाढवून सांगतो. इथे एक माणूस ते गिळत होता, आणि त्याने गिळावे यासाठीच जणू माझी ती तपासणी होती. पकडीची ताकद किलोमध्ये दाखवणारे साधे यंत्र मिळते. दोन्ही हातांनी तीन-तीनदा दाबायला लावले की आकडे खरे बोलू लागतात. माझ्या त्या प्लायवूडच्या खोलीत ते यंत्र नव्हते, आणि इतक्या वर्षांत मी ते मागितलेही नव्हते.

हात प्रेसमध्ये सापडलेल्या कामगाराच्या वाटेत तीन डॉक्टर येतात. पहिला शस्त्रक्रिया करणारा. त्याला हाडे, शिरा, कातडी दिसते, आणि त्याचे काम टाके निघाले की बहुतेक संपते. दुसरा दवाखान्यातला, आठवड्या-आठवड्याने रजेचा दाखला वाढवून देणारा. त्याच्या दारात रांग असते. तिसरा कारखान्याच्या दाराशी बसलेला, म्हणजे माझ्यासारखा. पहिल्या दोघांनी ती प्रेस पाहिलेली नसते; पाहावी अशी त्यांच्याकडून कोणी अपेक्षाही करत नाही. तिसऱ्याच्या भिंतीपलीकडेच ती असते. तरीही फिटनेसचा फॉर्म खोलीत बसूनच भरला जातो, कारण फॉर्मवर दोनच चौकोन असतात. फिट आणि अनफिट. त्यांच्या मधल्या जागेत बरा होत आलेला माणूस बसत नाही.

नव्वदच्या दशकात मुंबईला सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत मी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला. पहिल्याच दिवशी रामाझ्झिनीची ओळख करून दिली गेली. आधी मोदेनाला आणि मग पादुआला प्राध्यापक असलेल्या या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या परंपरागत प्रश्नांत स्वतःचा एक घातला : तुझा धंदा कोणता? आमचे एक सर मूळचे गिरणगावातले. त्यांनी एवढे सांगून झाल्यावर खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “हे इटलीचं झालं. आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. कोण आहेस विचारलं तर तो ‘ऑपरेटर’ म्हणेल, आणि तुम्ही ‘ऑपरेटर’ लिहून मोकळे व्हाल. काय करतोस ते विचारा. उभ्यानं की बसून, दिवसाला किती वेळा, आणि कोणत्या हातानं.” आम्ही वीसेक डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतले. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या मंगळवारी मी ऑपरेटर असे लिहून मोकळी झाले होते.

या क्षेत्रात आल्यावर ज्या कागदाने मला सगळ्यात अस्वस्थ केले, तो म्हणजे कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याचे पहिले परिशिष्ट. राज्य विमा योजनेच्या जुन्या कायद्यातही जवळजवळ तोच तक्ता होता. माणसाचा हात त्यात पेरापेराने मांडलेला आहे. अंगठा गेला तर 30 टक्के. अख्खी तर्जनी 14, तिचे एकच पेर 9. मधले बोट 12, त्याचे एक पेर 7. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तरी 7. एका हाताची चारही बोटे गेली तर 50. हे आकडे कमाईची क्षमता किती घटली याचे आहेत, आणि बोटांच्या मथळ्याशी शब्द आहेत : उजव्या किंवा डाव्या हाताची. म्हणजे लिहिणारा हात आणि नुसता धरणारा हात त्या तक्त्याला सारखेच. माझ्या ऑपरेटरची बेरीज 9 आणि 7, एकूण 16. तक्ता नसता तर प्रत्येक बोटामागे भांडण झाले असते हेही खरे, आणि मालकाशी भांडायची ऐपत बोट गेलेल्याची नसते. तरी पण 16 हा आकडा जेव्हा जेव्हा मी कागदावर पाहिला, तेव्हा मला मंडईतल्या तराजूची आठवण झाली.

सर्वोच्च न्यायालयाने एकदा हा तराजू बाजूला ठेवला होता. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत हा तो 1976 च्या अहवालांत प्रसिद्ध झालेला निकाल, कामगार वकिलांच्या तोंडी कायम असणारा. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, अपंगत्व अंशतः आहे. न्यायालयाने म्हटले, तो सुतार आहे, आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली. हातोडी एका हाताने मारायची तर पटाशी धरायची कोणत्या हाताने, इतके साधे ते होते. मला या निकालात डॉक्टरला दिलेली चपराक ऐकू येते. हात कुठून कापला हे आम्ही सेंटिमीटरमध्ये लिहितो, आणि तो हात कशासाठी होता हे न्यायाधीशाला लिहावे लागते.

माझे वडील टर्नर होते. 1974 साली पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करताना त्यांच्या अनामिकेतली अंगठी फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे घडवायला लावलेल्या तुकड्यात, अडकली, आणि अंगठीबरोबर बोटही गेले. लग्नातली अंगठी होती. आईने त्यानंतर घरात कुणालाच कधी अंगठी घालू दिली नाही. तक्त्याप्रमाणे वडिलांचे 7 टक्के गेले. त्या कारखान्याचे डॉक्टर चांगले होते, असे सगळे म्हणत. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून ते लेथपाशी येऊन उभे राहिले, वडिलांना चाके फिरवायला लावले, त्यांचा हात कुठे घसरतो ते पाहिले, आणि त्यांना टूल स्टोअरला पाठवावे असा शेरा दिला. पगार तोच. काम खिडकीशी बसून पितळी बिल्ले घ्यायचे, ड्रिल आणि टॅप द्यायचे, संध्याकाळी बिल्ले मोजून खिळ्यांना अडकवायचे. मी मोठी झाल्यावर, डॉक्टर झाल्यावर, हे किती आदर्श होते ते मला कळले. आजही विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण देते. वडिलांनी मात्र त्या डॉक्टरांना मरेपर्यंत क्षमा केली नाही. “बोट मशीननं घेतलं. मशीन डॉक्टरनं घेतली,” असे ते म्हणत. त्यांच्या कपड्यांना येणारा कुलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, आंबूस, तेलकट वास महिनाभरात गेला. आईला सुटल्यासारखे झाले. वडील रविवारी उगाचच सायकलची चेन रॉकेलने पुसत बसत, आणि हात धुवायला उशीर करत.

त्यामुळे ‘लाइट ड्युटी’ हा शब्द मी हलकेपणाने वापरायला नको होता, तरी सुरुवातीला वापरला. मनगट मोडलेल्या एका ठेकेदाराच्या कामगाराला मी सहा आठवडे लाइट ड्युटी असे लिहून दिले, आणि आपण माणुसकीचे काम केले अशा समाधानात राहिले. पुढच्या भेटीत तो गेटजवळ एका स्टुलावर बसलेला दिसला. काम काहीच नव्हते. आठ तास बसायचे, येणारे-जाणारे बघत. पाळी सुटताना इतर कामगार त्याला “काय सायेब, आराम?” म्हणून चिडवत. दीड महिन्यानंतर ठेकेदाराचा ठेका संपला आणि नव्या ठेक्याच्या यादीत त्याचे नाव आले नाही. काढून कुणी टाकले नाही. नाव फक्त आले नाही. अपघाताचा किंवा आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, असे त्या वेळच्या राज्य विमा कायद्याचे 73 वे कलम सांगत होते. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, ते नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते, असे 2016 चा दिव्यांगांचा कायदा सांगतो. पण स्टुलावरचा माणूस ना सरकारी होता, ना त्याचा लाभ चालू होता, कारण त्याला कामावर घ्या असे मीच लिहिले होते.

तेव्हापासून मी लाइट ड्युटी लिहिणे सोडले. उजव्या हाताने पाच किलोपेक्षा जास्त उचलणे नाही. पायाच्या पॅडलची प्रेस नाही. बसून गेज लावून माल तपासणे चालेल. दोन तासांनी दहा मिनिटे हात मोकळा. चार आठवड्यांनी पुन्हा दाखवणे. असे लिहायला लागले. व्यवस्थापक मंडळींना हे आवडत नाही. एका कारखान्याच्या मॅनेजरने मला अगदी सौजन्याने सांगितले होते, “मॅडम, तुम्ही निबंध लिहिता. आम्हाला फक्त फिट की अनफिट एवढंच हवं असतं.” मला त्यांचाही राग येत नाही. त्यांच्यामागे मोठ्या कंपनीची गाडी माल न्यायला उभी असते. पण वैद्यकीय सल्लागाराच्या कामात काही कसब असेल तर ते या निबंधातच आहे. शरीराचे वर्णन कामाच्या भाषेत करायचे : सांधा किती अंश वळतो याऐवजी कोणता जॉब धरता येतो, आणि किती वेळ. त्यासाठी जॉब हातात घेऊन पाहावा लागतो. पंचिंग झालेल्या पत्र्याची धार किती बारीक असते आणि ती पारखायला बोटाचे टोकच कसे लागते, हे खोलीत बसून कळत नाही.

ते टोकच माझ्या ऑपरेटरचे गेले होते. कापलेल्या नसेच्या तोंडाशी कधी कधी गाठ धरते, आणि तिला नुसता स्पर्श झाला तरी वीज गेल्यासारखे होते. थंडीत ते वाढते. पहिल्या पाळीला, डिसेंबरात, रात्रभर शेडमध्ये पडलेल्या पत्र्याला हात लावणे धडधाकट बोटांनाही नको वाटते. यावर उपाय आहेत, आणि ते काही महाग नाहीत. व्यवसायोपचार नावाचे शास्त्र आहेच त्यासाठी. भारतात ते आणले ते लग्नानंतर निंबकर झालेल्या, जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंनी. 1950 साली त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा सुरू केली. माझ्या ओळखीच्या एक व्यवसायोपचारतज्ज्ञ हुळहुळ्या बोटासाठी घरचीच सामग्री सांगतात : आधी कापूस, मग तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवायचा, मग ज्वारीच्या, शेवटी वाळूत. दिवसातून पाच-सहा वेळा. नसा हळूहळू स्पर्शाला सरावतात. मग नटबोल्ट लावणे-काढणे, मग खरा जॉब. हे दोन-तीन महिन्यांचे काम आहे. आमच्याकडे टाके सुकले की माणूस बरा, आणि ज्वारीचा डबा कुणाच्याच फॉर्मवर नसतो.

इतके सगळे मला माहीत होते. तरी त्याने जोराने दाबलेल्या बोटांवर मी विश्वास ठेवला.

यात पैशाची बाजू आहे, आणि ती सांगायला मला लाज वाटते. मला मानधन कारखाना देतो. कामगाराला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या लेखी मी कंपनीची डॉक्टर, म्हणजे माझ्यासमोर दुखते म्हणणे हे सुपरवायझरसमोर म्हणण्यासारखेच. अपघाती रजेत विमा योजना वेतनाच्या 90 टक्के देते, हे कागदावर चांगले दिसते. पण ते वेतन कागदावरचे असते, आणि ठेकेदारीत कागद आणि हातात पडणारी रक्कम यांची नेहमी गाठ पडतेच असे नाही. शिवाय बहुतेकांची एक समजूत असते की फिट झालो तर पेन्शन बुडेल, आणि अनफिट राहिलो तर नोकरी. माझ्या माणसाने तीच समजूत उरी धरून नोकरी निवडली होती. वास्तविक कायमच्या अपंगत्वाचा लाभ वैद्यकीय मंडळ ठरवते, आणि माणूस कामावर परतला तरी तो थांबत नाही. हे त्याला त्या दिवशी दोन वाक्यांत सांगता आले असते. चहा पिऊन होईस्तोवर वेळ होता.

पुढच्या मंगळवारी मी खोलीत न जाता आधी शॉपमध्ये गेले. तो पॅडलच्या प्रेसवर उभा होता. पूर्वी उजव्या हाताने पत्रा डायवर ठेवायचा आणि डाव्याने जॉब काढायचा, अशी त्या मशीनची रचना. पत्र्यांचा ढीग उजवीकडे, तयार जॉब टाकायची पेटी डावीकडे. त्याने हात बदलले होते. डावा हात छातीवरून आडवा नेऊन तो उजवीकडचा पत्रा उचलत होता, तो डायवर ठेवत होता, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व अनामिकेने जॉब खेचून काढत होता. कंबर प्रत्येक फेऱ्याला पिळली जात होती. तर्जनी हवेत होती. दुखरे बोट मेंदू हळूहळू वगळून टाकतो आणि त्याचे काम शेजाऱ्यांकडे देतो. नंतर ते बरे झाले तरी त्याला परत कामावर घेत नाही. मी घड्याळ लावून पाहिले. मिनिटाला बारा वेळा दोन्ही हात एकमेकांना ओलांडत होते, आणि पाय मात्र जुन्याच सवयीने पॅडल दाबत होता.

सुपरवायझर जवळ येऊन म्हणाला, “माल पूर्ण निघतोय, मॅडम. काही तक्रार नाही.”

मी प्रेस थांबवायला सांगितली. तो माणूस माझ्याकडे वळला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाला, “सवय होतीय, मॅडम. आता परत अनफिट नका करू.” मी त्याला पेन्शनचे समजावून सांगितले, वैद्यकीय मंडळाचे सांगितले, ज्वारीच्या डब्याचेही सांगितले. तो मान हलवत राहिला. मॅनेजरच्या केबिनमध्ये अर्धा तास गेला. शेवटी ठरले ते असे : बारा आठवडे तपासणीच्या टेबलावर, पगार आणि हजेरी आहे तशी, दर मंगळवारी मला दाखवणे, आणि त्यानंतर दोन हातांच्या बटणांची प्रेस, पॅडलची नाही. दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेर असतात. तशी एक प्रेस कारखान्यात होती. बटणांपैकी एक कुणीतरी पट्टी लावून कायमचे दाबून ठेवले होते. ती पट्टी माझ्यासमोर काढवून घेतली. मी माझा आधीचा फॉर्म मागवला, सहीवर आडवी रेघ मारली, तारीख घालून नवा निबंध लिहिला.

तो तपासणीच्या टेबलाशी जाऊन बसला. समोर गेज, डावीकडे तपासायचा माल, उजवीकडे तपासलेला. टेबलावर एरवी बायका असतात. दोघींनी सरकून त्याला जागा दिली. तो माझ्याकडे पाहत नव्हता. ते न पाहणे मी ओळखत होते. टूल स्टोअरच्या खिडकीतून वडील तसेच शॉपकडे पाठ करून बसत, असे त्यांचे मित्र सांगत.

दहाचा चहा आला. मुलाने टेबलावर ग्लास मांडले. ऑपरेटरने मान वर केली, या वेळी थेट माझ्याकडे पाहिले, आणि उजव्या हाताने ग्लास उचलला. गरम होता. त्याने तो खाली ठेवला नाही, हातही बदलला नाही, घोट घोट करत सगळा संपवला. मधले बोट, अनामिका, करंगळी आणि अंगठा काचेला घट्ट धरून होते. तर्जनी मात्र कुठेही न टेकता सरळ बाहेर होती.